भीमेचा भोपळा, मिरजेची जवारी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावणाऱ्या, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुलवणाऱ्या, कारागिराजवळ तासभर बसलं की एक गोष्ट ध्यानात येते. त्याच्या हातातली कानस फार थोडा वेळ चालते. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर दोन-तीन हलके हात फिरतात, मग तार पुन्हा चढते, सुरात येते, छेडली जाते. कारागीर मान कलती करून ऐकतो. समाधान झालं नाही तर तार उतरवतो आणि पुन्हा दोन हात फिरवतो. बाहेर रिक्षा वाजत असतात, शेजारी कुणीतरी लाकूड तासत असतं, त्या गलबल्यात तो एका तारेच्या आत काय चाललं आहे ते ऐकत असतो. कामाचा बहुतेक वेळ ऐकण्यात जातो, असा दुसरा हातव्यवसाय मला माहीत नाही.

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या या धंद्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. २०२४ च्या मार्चअखेरीस मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला, म्हणजे तंबोऱ्याला, भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीचं मानांकन मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरच्या नावे आहे आणि तानपुऱ्याचं सोलट्यून या उत्पादक संस्थेच्या नावे. वर्तमानपत्रांत कौतुक झालं आणि ते योग्यच झालं. पण मानांकन नावाचं रक्षण करतं. ते नाव ज्या कामामुळे मोठं झालं, त्या कामाचं आज काय चाललं आहे, हे तपासून पाहायला हवं. हा धंदा मिरजेतच का रुजला, इतकी वर्षं कशावर टिकला आणि आता त्याला कुठे तडा जातो आहे, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. माझं मत आधीच सांगतो. लाकूड मिरजेचं नाही आणि भोपळाही मिरजेचा नाही. मिरजेचं होतं ते एवढंच की गाणारा आणि वाद्य घडवणारा एकाच गावात, हाकेच्या अंतरावर राहत होते. त्या शेजारातून हा धंदा वाढला, आणि आजची त्याची दुखणीही तो शेजार विरळ झाल्यामुळे आलेली आहेत.

मिरज हे जुनं ठाणं. कृष्णेच्या खोऱ्यातलं, कर्नाटकाच्या वाटेवरचं, म्हणून ज्याला दक्षिणेत राज्य करायचं त्याला ते हातात हवं असे. बहमनी गेले, आदिलशाही आली. शिवाजी महाराजांनी इथल्या किल्ल्याला वेढा घातला होता, पण सिद्दी जौहर चालून आला आणि महाराजांना पन्हाळ्याकडे वळावं लागलं. किल्ला मराठ्यांकडे आला तो १७३९ मध्ये. त्या मोहिमेवर छत्रपती शाहू स्वतः आले होते. पुढे १७६१ मध्ये तो गोविंद हरी पटवर्धनांकडे सोपवला गेला आणि मिरज पटवर्धनांची झाली. १८०१ मध्ये सांगलीची पाती वेगळी निघाली, १८२० मध्ये मिरजेचीच थोरली आणि धाकटी अशी वाटणी झाली. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा बनला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. राजकीय इतिहास इतका पुरे. आपल्या विषयाला त्यातला एकच धागा लागतो: लहान संस्थान, पण दरबार गाण्याची कदर करणारा, आणि गावात शस्त्रं घडवणारी, धार लावणारी शिकलगारांची घरं.

या घरांतूनच सतारमेकर झाले. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, १८५० च्या सुमारास, हत्यारांचं काम घटत चाललं होतं. तलवारींचे दिवस संपले होते. दरबारात येणाऱ्या गवयांची वाद्यं मोडली की ती दुरुस्तीसाठी दूर पाठवावी लागत. फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगार बंधूंकडे असं एक काम आलं आणि ते त्यांनी चोख केलं. दुरुस्ती करता करता वाद्य कसं घडतं ते त्यांना उमगलं आणि संस्थानिकांच्या उत्तेजनानं त्यांनी नवी वाद्यं घडवायला घेतली. वंशजांचं आडनाव सतारमेकर झालं, गल्लीलाही तेच नाव पडलं. मला या हकीकतीतला दुरुस्तीचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. वाद्य विकून झालं की संबंध संपतो. दुरुस्तीला मात्र वाजवणारा पुन्हा दारात येतो, काय बिघडलं ते सांगतो, काम झाल्यावर समोर बसून वाजवून पाहतो. मिरजेचा धंदा असा ऐकून घेण्यातून सुरू झाला.

आणि ऐकवणारी माणसं मिरजेत कमी नव्हती. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणी फटाक्याच्या दारूनं अधू झाले. उपचारांसाठी त्यांना मिरजेला आणलं. दृष्टी काही पुरती परतली नाही, पण इथे ते बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकले आणि १८९६ मध्ये मिरज सोडून निघाले ते उत्तरेकडे. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रमाणपत्रांवर आज देशभरातले विद्यार्थी मिरजेचं नाव वाचतात, त्याचं मूळ या नात्यात आहे. बालगंधर्वांनाही कानाच्या दुखण्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मिरजेला पाठवल्याचं त्यांच्या चरित्रांत येतं. डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांचं इस्पितळ १८९४ मध्ये सुरू झालं आणि मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखली जाऊ लागली. वैद्यकी आणि गाणं हे मिरजेचे दोन लौकिक वेगळे मानले जातात, पण त्यांच्या वाटा एकमेकींना अशा छेदतात. बरं व्हायला आलेली माणसं इथे थांबत, आणि थांबलेला माणूस गाणं ऐके.

रेल्वेनं हे येणं-जाणं वाढवलं. पुण्याहून दक्षिणेकडे जाणारी लाइन मिरजेवरून गेली, १८९१ मध्ये इथून कोल्हापूरचा फाटा निघाला आणि १९२७ मध्ये बार्शी लाइटची अरुंद गाडी पंढरपुराकडून मिरजेला येऊन मिळाली. मुंबई-पुण्याचा गवई धारवाड-हुबळीला जाताना किंवा तिकडचा इकडे येताना मिरजेला उतरणं साहजिक झालं. तंबोरा दुखावला असेल तर उतरावंच लागे.

या सगळ्यांत मिरजेला वाद्यांच्या दृष्टीनं सर्वांत मोठा लाभ झाला तो उस्ताद अब्दुल करीम खाँचा. किराण्याहून निघालेले, बडोद्याला राहून आलेले हे गायक मिरजेचे झाले ते कायमचे. इथल्या ख्वाजा शमना मिरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती. आवारातल्या चिंचेखाली बसून ते गात. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ मध्ये मिरजेतलाच, आणि वडिलांमागे त्यांनीही त्या चिंचेखाली वर्षानुवर्षं हजेरी दिली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासजवळ सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनच्या फलाटावर खाँसाहेब गेले. त्यांचा देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केला. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते.  नवरात्रात अंबाबाईच्या देवळात दुसरा संगीतमहोत्सव होतो. दर्ग्यात आणि देवळात लागणारे तंबोरे एकाच गल्लीतून येतात.

खाँसाहेबांच्या गाण्याचा सगळा भर सुरावर होता. एकेका स्वराला ते इतक्या सावकाश भिडत की मागचा तंबोरा जरा जरी हलका असला तरी गाणं उघडं पडावं. त्यांना स्वतःला वाद्यं दुरुस्त करता येत आणि जवारीचं ज्ञान होतं. श्रुतींचा शोध घेणारे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांना त्यांनी स्वरांची प्रात्यक्षिकं दिली होती. असा माणूस ज्या गल्लीत गिऱ्हाईक म्हणून येतो, त्या गल्लीतल्या कारागिराला ढिलाई परवडत नाही. किराणा घराण्याचं गाणं आणि मिरजेचा तंबोरा एकमेकांना घडवत मोठे झाले असं मी मानतो. पुढे भीमसेन जोशींपर्यंत गायकांच्या मागे मिरजेचे तंबोरे वाजत राहिले, त्याचा पाया या काळात घातला गेला.

आता वाद्याकडे येऊ. सतार मिरजेत उत्तम होते, पण सतारीला कोलकात्याची आणि दिल्लीची तोलामोलाची स्पर्धा आहे. मिरजेचा खरा मान तंबोऱ्याचा. शिवाय इथे रुद्रवीणा, सूरबहार, दिलरुबा, स्वरमंडळ, एकतारी आणि वारकऱ्यांची वीणा हेही सगळं होतं.

तंबोऱ्याची सुरुवात गल्लीत होत नाही, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात, भीमेच्या काठच्या रानात होते. हा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू असतो. साल जाड आणि कठीण, आणि आकार एवढा की मोठ्या तंबोऱ्याचा भोपळा दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावावा. नुसतं बी टाकून चालत नाही. फळ वेलावर वाढत असतानाच त्याला बैठक द्यावी लागते, कलंडलं तर सरळ करावं लागतं, खाली ओल धरू नये म्हणून जपावं लागतं. एका बाजूवर पडून राहिलेला भोपळा तिरका होतो आणि तिरका भोपळा तंबोऱ्याला चालत नाही. ज्या शेतकऱ्यांनी हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतलं, त्यांना भोपळ्याकडे पाहून त्याचा तंबोरा होईल, सतार होईल की वीणा, हे सांगता येतं. तंबोरा घडवणाऱ्यांच्या यादीत या शेतकऱ्याचं नाव आपण कधी घेत नाही. घ्यायला हवं.

वाळलेले भोपळे मिरजेच्या दुकानांत वर टांगलेले असतात. सुका भोपळा तसाच कापला तर तडकतो, म्हणून आधी पाण्यात भिजत घालतात. मग वरचा भाग कापून आतला गर, बिया आणि जाळी काढून तो कोरडा करतात. त्यावर लाकडाचा गळा बसवतात, गळ्यावर पोकळ दांडी चढते आणि भोपळ्याच्या तोंडावर तबली, म्हणजे वरची लाकडी पाटी. लाकूड तुणाचं वापरतात. ते वजनाला हलकं, रंगाला तांबूस आणि आवाजाला मोकळं. तबली सपाट नसते, तिला किंचित फुगवटा असतो. तिची जाडी किती ठेवायची हे भोपळ्याच्या जाडीवर ठरतं. मर्दानी तंबोरा काळी एकच्या आसपास लागणार, जनानी काळी चार-पाचला, त्याप्रमाणे भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी आणि तारांची जाडी बदलते. जोडांवर लाकडाची नक्षीदार पानं बसतात. ती शोभेची वाटतात, पण खालचा सांधाही धरून ठेवतात. पूर्वी जोड सरसानं चिकटवत, आता तयार गोंद आले आहेत. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे हात, एकावर एक, प्रत्येक हात वाळू देत. पावसाळ्यात हवेतली ओल या सगळ्याच कामाला आडवी येते.

नक्षीत पूर्वी हस्तिदंत असे आणि घोडीवर सांबरशिंग. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्या यांमुळे दोन्ही बंद झालं. तो कायदा हवाच होता. कारागिरांनी हाड, लाकूड, कृत्रिम पदार्थ अशा वाटा शोधल्या. पण शिंगाच्या घोडीवर शिकलेल्या हाताला नवा पदार्थ आपलासा करायला वेळ लागतो, कारण कानशीखाली प्रत्येक पदार्थ वेगळा वागतो. या बदलात कारागिराला कुणी प्रयोगशाळेची मदत दिली नाही. जे केलं ते त्यांनी आपल्या कानाच्या भरवशावर केलं.

इथवर जे झालं त्याला वाद्य म्हणता येतं, तंबोरा अजून म्हणता येत नाही. चार तारा चढवल्या, मंद्र पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज, तरी आवाज बोथट येतो. तार छेडली की टण्‌ होऊन विरते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि वरून अगदी हलकी उतरती असते. तार तिच्यावर एका बिंदूत टेकत नाही, थरथरताना त्या उतारावर घासत पुढे-मागे होते. तारेखाली सुताचा किंवा रेशमाचा एक धागा सरकवतात. तो एका नेमक्या जागी आला की तार उमलते. एका आवाजातून अनेक आवाज निघतात, लांबत जातात, एकमेकांत मिसळतात. चांगली जवारी लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. लहानपणी पहिल्यांदा तो ऐकू आला तेव्हा मी खोलीत आणखी कोण गातंय ते शोधलं होतं.

या घोडीनं विज्ञानालाही विचार करायला लावलं. तार जिथे छेडावी, तिथे ज्यांचा स्थिर बिंदू येतो असे उपस्वर तिच्यातून निघू नयेत, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा जुना नियम होता. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कोलकात्यात वीणा आणि तंबोऱ्यावर प्रयोग केले आणि १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवलं की इथे ते उपस्वरही ठळक ऐकू येतात. कारण घोडीचा वळसा आणि तो धागा. रामन यांना उपकरणं लावून जे दिसलं, ते आपल्या कारागिरांनी कानानं आधीच साधलेलं होतं.

जवारी एकदा लावून कायमची राहत नाही. तार घोडीला घासून खाच पाडते आणि आवाज पुन्हा मिटायला लागतो. रोज वाजणाऱ्या तंबोऱ्याला जवारी अधूनमधून लावून घ्यावीच लागते. शिवाय ती प्रत्येकाच्या गळ्याप्रमाणे वेगळी. कुणाला खुली, झगझगीत हवी, कुणाला मिटलेली, गोल. गायक समोर बसून दोन आलाप घेतो आणि कारागीर त्याच्या आवाजाला साजेसा उतार घोडीला देतो. हे काम पत्रानं होत नाही, फोनवरही होत नाही. गायक आणि कारागीर एका जागी आले तरच होतं. मिरजेचा मोठेपणा इथे आहे आणि आजची अडचणही इथेच आहे.

अडचणींपैकी सगळ्यांना दिसणारी म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुरा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरात तो तयार झाला, पुढे पेटीएवढा लहान झाला आणि आता मोबाइलमध्ये फुकट मिळतो. त्याचे उपकार नाकारू नयेत. एका खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला, प्रवासातल्या कलावंताला, ज्याच्याकडे तंबोरा घ्यायला पैसे नाहीत अशा मुलाला त्यानं सूर दिला. विमानातून तंबोरा नेताना तो फुटून हातात येण्याची धास्ती त्यानं संपवली. मिरजेच्या कारागिरांनीही घडीचे, चपट्या पेटीचे, लहान प्रवासी तंबोरे काढून या गरजेला उत्तर दिलं. पण यंत्राच्या सोयीत एक शिक्षण बुडालं. तंबोरा लावता येणं हा गाणं शिकण्याचा पहिला धडा होता. खुंटी पिरगाळून, मणी सरकवून, जोडीच्या दोन तारा एक होईपर्यंत ऐकत राहणं, यानं कान तयार होत असे. आता बटण दाबलं की सूर तयार येतो. वर्षानुवर्षं गाणं शिकून पदवी घेतलेल्या, पण तंबोरा लावता न येणाऱ्या मुलांना मी भेटलो आहे. त्यांचा दोष नाही, त्यांच्या वर्गात तंबोरा नव्हताच. ज्याला तंबोरा लावता येत नाही त्याला बरी जवारी आणि वाईट जवारी यांतला फरक कळणार नाही, आणि ज्याला फरक कळत नाही तो चांगल्या कामाचे पैसे देणार नाही. गिऱ्हाईक संख्येनं घटलं यापेक्षा जाणतं गिऱ्हाईक घटलं, हे मला अधिक गंभीर वाटतं.

दुसरी अडचण रानातली. १९८० मध्ये उजनी धरण झालं, सोलापूर जिल्ह्यात पाणी फिरलं आणि त्यामागे ऊस आला. उसाला कारखाना आहे, ठरलेला भाव आहे. भोपळ्याला गिऱ्हाईक मोजकं, पीक जोखमीचं, अवकाळी पाऊस किंवा भीमेचा पूर आला की वेलासकट गेलं. भोपळा लावणारी घरं थोडी आहेत. त्यांतल्या एखाद्यानं रान उसाखाली घातलं तर त्याला बोल लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण हे बी आणि ही जाण एकदा हातची गेली तर मिरजेत कितीही कुशल माणसं बसलेली असली तरी ती रिकाम्या हातांनी बसतील. फायबरच्या भोपळ्याचे प्रयोग झाले आहेत. माझ्या कानाला ते पटलेले नाहीत.

तिसरी अडचण गल्लीतली. हे काम अंगात मुरायला वर्षं लागतात आणि जवारी तर हातातल्या कौशल्यांत सर्वांत शेवटी येते. तरुण मुलगा मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत गेला तर पहिल्या महिन्यापासून ठरलेला पगार घेतो. शिवाय मिरजेत घडलेला तंबोरा पुष्कळदा दुसऱ्या शहरातल्या दुकानाच्या पाटीखाली विकला जातो. वाजवणाऱ्याला तो कुणाच्या हातचा आहे हे कळत नाही आणि घडवणाऱ्याला तो कुणाच्या मांडीवर गेला हे कळत नाही. ज्या संवादातून हा धंदा वाढला, तो इथे तुटतो. जीएसटीत हातानं बनवलेल्या देशी वाद्यांना करमाफी आहे, ही चांगली गोष्ट. पण करमाफीनं नवा जवारीकार तयार होत नाही.

मानांकनाचा खरा उपयोग इथे करून घेता येईल. त्यानं एवढं नक्की केलं की दुसरीकडे घडलेल्या वाद्यावर मिरजेचं नाव लावणं आता कायद्यानं अडवता येतं. पुढचं पाऊल म्हणून प्रत्येक तंबोऱ्यावर घडवणाऱ्याचं आणि जवारी लावणाऱ्याचं नाव असावं. साडीवर विणकराचं नाव यावं असं आपण म्हणू लागलो आहोत, मग तंबोऱ्यावर का नको? भोपळ्याच्या शेतकऱ्याला हंगामाआधी ठरलेल्या भावाची हमी मिळावी. कारागिरांच्या संस्थांना हे एकत्र येऊन करता येईल आणि सरकारनं त्यात थोडा हात दिला तर लवकर होईल. आणि जवारी शिकणाऱ्या मुलाला विद्यावेतन मिळावं. गाणं शिकण्यासाठी आपल्याकडे शिष्यवृत्त्या आहेत. ज्या सुरावर ते गाणं उभं राहतं तो सूर घडवायला शिकणाऱ्यालाही असायला हव्यात. तंबोरा घडवणं ही संगीतविद्येचीच एक शाखा आहे, आणि संगीताच्या अभ्यासक्रमांनी ती तशी मानावी.

तरीही मला वाटतं की या प्रश्नाचा निकाल सरकारी कचेरीत लागणार नाही, आपल्या गाण्याच्या खोल्यांत लागेल. महाराष्ट्रात गावोगावी संगीताचे वर्ग आहेत. त्यांतल्या प्रत्येक वर्गानं एक, फक्त एक, लावलेला तंबोरा ठेवायचं ठरवलं, आणि आठवड्यातून एक दिवस यंत्र बंद ठेवून मुलांना तो लावायला बसवलं, तर मिरजेला काम पुरेल आणि मुलांना कान येईल. शिक्षकांना माझी ही मनापासूनची विनंती आहे.

वारकऱ्यांनी मात्र खरं वाद्य कधी सोडलं नाही. भीमेकाठचा भोपळा मिरजेला जातो, तिथे त्याची वीणा होते, आणि ती विणेकऱ्याच्या गळ्यात अडकून दिंडीतून पुन्हा भीमेकाठी येते. सप्ताह चालू असताना ती वीणा जमिनीवर टेकवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि अखंड वाजत राहते. तिला मोबाइलचा पर्याय कुणी सुचवलेला नाही.

मराठी घरांत आजही कितीतरी तंबोरे गवसणीत घालून कपाटावर, माळ्यावर ठेवलेले आहेत. आजीचा, आत्याचा, कुणी शिकायचं सोडून दिलेल्या काकांचा. भोपळ्याला बारीक चीर असेल, तारा गंजल्या असतील, घोडीवर खाच पडली असेल. हे सगळं दुरुस्त होतं. तुमच्या घरी असा तंबोरा असेल तर तो खाली काढा. तारा सैल करा, भोपळ्याखाली उशी द्या आणि मिरजेला घेऊन जा. स्टेशनवर उतरून कुणालाही सतारमेकर गल्ली विचारा. आणि जवारी लागेपर्यंत तिथेच बसून ऐका.